पाहुण्यांच्या दुधावरची साय

बिबवेवाडी, पुणे
१८ नोव्हेंबर १९९७

ती. पद्मजाताईंना मंदाकिनीचा सा. नमस्कार.

काल सकाळी आपल्या फाटकाशी एका माणसाने दूधवाल्या अमीनभाईंना थांबवलं आणि या घरात रोज दूध किती जातं, असं विचारलं. हे ऐकीव नाही. खुद्द अमीनभाईंनी आज दूध घालता घालता सांगितलं. मिशा, पांढरी टोपी, काखेत कापडी पिशवी, हे त्यांनी केलेलं वर्णन आपल्याकडे दोन दिवस उतरलेल्या पाहुण्याशी बरोबर जुळतं. सर्जेराव त्यांचं नाव. कराडचे गुळाचे व्यापारी. मार्केट यार्डात काम असलं की दर महिन्याला येईन, म्हणून सांगून गेले आहेत.

आता गुळाच्या व्यापाऱ्याला आपल्या दुधाची चौकशी कशाला? मी दिवसभर विचार केला. दूध किती जातं हे कळलं की माणसं किती येतात हे कळतं. माणसं किती येतात हे कळलं की घर चालतंय की नाही हेही कळतं. आणि या एका गोष्टीत रस असलेलं माणूस पुण्यात माझ्या ओळखीचं कुणी नाही.

तुम्ही कुणाला पाठवलंत, असं मी म्हणत नाही. सोलापुरात कराडकडचं कुणी तुमच्या ओळखीचं आहे का, एवढंच विचारते.

पाडव्यापर्यंतची मुदत मी विसरलेली नाही. हे गेल्यावर तुम्ही तुमचा अर्धा हिस्सा मागितलात, तो तुमचा हक्कच आहे. बिल्डरला देण्याआधी एक वर्ष मला घर चालवून बघू द्या, असं मीच म्हटलं होतं. वरच्या दोन आणि खालची एक, अशा तीन खोल्या मी पाहुण्यांना देते. फाटकावर ‘निवास व न्याहारी’ अशी पाटी लावली आहे. स्वारगेटचे दोन रिक्षावाले आता पत्ता न विचारता माणसं आणून सोडतात.

अडचण एकच आहे, आणि ती खोल्यांची नाही, दुधाची आहे. पोहे, उपमा, थालीपीठ यावर कुणी बोलत नाही. दुधावर प्रत्येकाला बोलायचं असतं. कुणाला चहात कमी, कुणाला नुसतं दूधच, कुणाला म्हशीचं पचत नाही. पणजीहून आलेल्या जोडप्याने कॉफीवर क्रीम मागितलं. मी साय घोटून दिली, तर त्यांनी ती हुंगून बाजूला ठेवली. म्हणून टेबलावर एक कार्डच ठेवावं, कोणतं दूध हवं ते सांगा, असं मनात आहे. तुम्ही मुख्याध्यापिका होतात, कार्डावर काय असावं ते तुम्हाला चांगलं सुचेल.

तब्येत सांभाळा.

आपली,
मंदाकिनी


सोलापूर
२६ नोव्हेंबर १९९७

प्रिय मंदाकिनी,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. दुधावर दोन पानं आहेत, पाहुण्यांवर दोन ओळी. तीन खोल्यांपैकी किती भरलेल्या असतात, हे त्यात कुठेच नाही. ते तू मुद्दाम लिहिलं नाहीस की लिहिण्यासारखं नाही, हे मला कळायला मार्ग नाही. शेजाऱ्यांकडे फोन आहे, पण फोनवर बोललेलं नंतर कुणी मान्य करत नाही. म्हणून लिहूनच विचारते.

कराडचा कुणी सर्जेराव माझ्या ओळखीचा नाही. गूळ आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून आणतो. पाठवायचंच झालं तर मी दूधवाल्याला गाठणारा माणूस पाठवणार नाही, थोडा बरा पाठवीन.

कार्डाचं म्हणशील तर ते सोपं ठेव. पिशवीचं दूध घे. ते मोजलेलं असतं, त्याच्याबद्दल कुणी कुणावर संशय घेत नाही. गायीचं हवं त्याला गायीची पिशवी, म्हशीचं हवं त्याला म्हशीची. अमीनभाईंना वाईट वाटेल, पण घर चालवायचं की माणसं जपायची, हे तू ठरव.

दिवाळीची बरणी मिळाली. गळ्याच्या बरीच खाली होती. आईच्या वेळी बरणीच्या तोंडाला बांधलेला दादरा सोडला की तूप बोटाला लागायचं. मी मागत नाही, कधी मागितलंही नाही. या घरातल्या दुधाचं तूप लेकीकडे जायलाच हवं, हे आईचं म्हणणं होतं, माझं नाही. पण बरणी बघून मला वाटलं की माझ्या हिश्शाचं तूप हल्ली पाहुण्यांच्या शिऱ्यात जात असावं. तसं असेल तर सरळ सांग.

घर विकायला मी उतावीळ झाले आहे, असा तुझा समज दिसतो. मी मुलाच्या दोन खोल्यांत राहते. रात्री पाणी प्यायला उठले तरी सुनेची झोप मोडते. म्हातारपणी मला स्वतःचं दार हवं. त्यापलीकडे मला काही नको.

पद्मजा


बिबवेवाडी, पुणे
५ डिसेंबर १९९७

ती. पद्मजाताईंना सा. नमस्कार.

बरणीबद्दल लिहिलंत, वाचून बरं वाटलं नाही. तुमच्या तुपाचा चमचाभरही पाहुण्यांना गेलेला नाही. शिरा मी डालड्यात करते, हे आता लिहून द्यावं लागतंय. संक्रांतीची बरणी गळ्यापर्यंत भरलेली येईल. कशी, ते विचारू नका.

पिशवीचं दूध मी घेणार नाही. त्याला चव नसते. शिवाय अमीनभाईंचे वडीलही आपल्याकडेच दूध घालायचे. पाटी लागल्यापासून ते रोज विचारतात, “वहिनी, पाहुण्यांना दूध आवडतं ना?” मी हो म्हणते. सर्जेरावांनी चौकशी केल्यापासून मात्र ते मापात थोडं जास्तच घालतात आणि वर म्हणतात, “माझ्या दुधात कुणी पाणी शोधत असेल तर शोधू दे.”

कार्ड तयार केलं. चहासाठी दूध, साखरेचं गरम दूध, बिनसाखरेचं, कॉर्नफ्लेक्ससाठी गार दूध. गायीचं हवं असेल तर आदल्या संध्याकाळी सांगावं. क्रीम ठेवलं नाही, सायही ठेवली नाही. जे द्यायचं नाही ते लिहूच नये.

खोल्यांचं विचारलंत. बऱ्या चालल्या आहेत. आकडा पाडव्याला सांगेन, आत्ता सांगितला तर तो कमी वाटेल किंवा खोटा वाटेल.

सर्जेरावांचं पोस्टकार्ड आलं आहे. नाताळाच्या आठवड्यात पुन्हा येत आहेत. ते तुमच्या ओळखीचे नाहीत म्हणता, तर नसतील. पण या वेळी त्यांना काही कमी पडणार नाही, एवढं नक्की. कुठे काही सांगितलंच तर चांगलंच सांगतील.

आपली,
मंदाकिनी


सोलापूर
५ जानेवारी १९९८

प्रिय मंदाकिनी,

तुझा सर्जेराव माझा नव्हता, हे मी आधीच लिहिलं होतं. आता हेही लिहिते की नाताळात तुझ्याकडे माझं माणूस उतरलं होतं. खालच्या खोलीतल्या शेखबाई. आबेदा शेख माझ्या शाळेत विज्ञान शिकवते. तिची मुलगी पुण्यात नर्सिंगला आहे, तिला भेटायला ती निघाली होती. मी म्हटलं, या पत्त्यावर उतर, घर कसं आहे ते बघ, माझं नाव सांगू नकोस. यात मी चूक केली असं मला वाटत नाही. तू आकडा सांगत नाहीस, तर मी बघायचं कसं?

तिने सांगितलेलं लिहिते. घर स्वच्छ आहे. चादरी उन्हात वाळवलेल्या आहेत. थालीपीठ उत्तम. पाहुणे भरपूर होते. इथपर्यंत मला आनंद झाला. मग मी विचारलं, दूध कसं होतं? ती म्हणाली, बरं होतं. ‘बरं’ म्हणजे काय, असं मी तीनदा विचारल्यावर तिने सांगितलं. समोर टोपीवाले एक गृहस्थ बसले होते. त्यांना तू वेगळ्या पातेल्यातलं दूध दिलंस, वर वाटीभर साय, साखर घालून. हिच्या पेल्यात निळसर दूध, वर चिमटीत येईल एवढीही साय नाही. एकाच टेबलावर, एकाच वेळी.

मी चिडले. ती चिडली नव्हती. अगदी शांतपणे म्हणाली, “अहो बाई, काहींच्या घरी भांडी वेगळी असतात. त्यांनी निदान पेला तरी घासून दिला होता.”

मंदाकिनी, या वाक्यानंतर मी तिला चहा सुद्धा विचारू शकले नाही.

माझ्या वडिलांनी बांधलेल्या घरात दोन पातेली कधीपासून झाली, याचं उत्तर मला हवं आहे. अमीनभाईंचं दूध आपण वर्षानुवर्षं घेतो, असं सांगू नकोस. दूध घेणं वेगळं आणि ताट वाढणं वेगळं. आकड्याची आता मला गरज नाही. घर अशा रीतीने चालणार असेल तर ते न चाललेलं बरं.

पद्मजा


बिबवेवाडी, पुणे
१२ जानेवारी १९९८

ती. पद्मजाताईंना सा. नमस्कार.

पत्र वाचून मी खुर्चीत बसूनच राहिले. न्याहारीची भांडी दुपारपर्यंत तशीच पडून होती.

पातेली दोन होती. हे खरं आहे. पण ती का होती, ते जसं आहे तसं सांगते. मग तुम्हाला हवं ते ठरवा.

सर्जेराव तुमचे, हे मी धरूनच चालले होते. तुम्ही नाही म्हणालात तेव्हा तर खात्रीच पटली. म्हणून नाताळात त्यांच्यासाठी वेगळं पातेलं ठेवलं, साईसकट दूध फक्त त्यांच्यापुरतं. बाकी सगळ्यांना साय काढलेलं. शेखबाईंना, वरच्या नगरच्या जोडप्याला, आणि मलासुद्धा. शेखबाई कुठून आल्या, कोण आहेत, याचा मी क्षणभरही विचार केला नव्हता. तुमच्याकडून कुणी आलंच तर ते दुधाबद्दल कुरकुर करणारं असेल, एवढंच डोक्यात होतं. त्या काहीच बोलल्या नाहीत, म्हणून त्यांच्याकडे मी बघितलंच नाही.

त्यांना तसं वाटलं, यात चूक त्यांची नाही. त्यांनी याआधी कुठे कुठे काय बघितलं असेल, ते मला माहीत नाही. टेबलावर दोन पातेली दिसली की माणूस आपल्याला माहीत असलेलाच अर्थ लावणार. मी त्यांना शाळेच्या पत्त्यावर आजच पत्र टाकलं आहे. सारवासारव केली नाही. सर्जेरावांचा सगळा मूर्खपणा जसा झाला तसा लिहिला.

सर्जेरावांनाही परवा फोन करून विचारलं, की तुम्हाला सोलापूरहून कुणी पाठवलं होतं का. ते म्हणाले, “मला कोन पाठवनार? घरातली बी कुठं पाठवत न्हाई, माझा मीच जातो.” मग चौकशी कशाला केलीत? तर म्हणाले, “बाई, तुमचा चहा झकास, पोहे झकास. दुधावर मातर काय येतच न्हाई. म्हटलं गवळी पानी घालतो का बाई साय काढती, येवढं बघावं. गवळी सरळ मानूस दिसला.”

आता साय कुठे जात होती ते. ताई, ती तुमच्या बरणीत जात होती.

सासूबाईंच्या वेळी घरात सात माणसं होती आणि दूध त्या हिशेबाने यायचं. सायही तशी पडायची. मी एकटी राहिले तेव्हा अर्धा लिटर पुरायचं. त्याच्या साईचं किती तूप होणार? पाहुणे येऊ लागले, दूध वाढलं, तेव्हा मला पहिला आनंद हाच झाला की आता ताईंची बरणी नीट भरेल. पिशवीच्या दुधाला नाही म्हटलं तेही त्याचसाठी. चवीचं कारण तोंडदेखलं होतं. दिवाळीची बरणी अपुरी पडली, तुमचं पत्र आलं, आणि मी चहाच्या दुधावरचीही साय काढायला लागले. पाहुण्यांच्या पेल्यातलं निळसर दूध तिथून आलेलं आहे.

संक्रांतीची बरणी एस.टी.ने पाठवली आहे. गळ्यापर्यंत आहे. सोबत तिळगूळ आहे. तो देताना म्हणायचं वाक्य मात्र लिहीत नाही, आजच्या पत्रात ते शोभणार नाही.

आपली,
मंदाकिनी


सोलापूर
२० जानेवारी १९९८

मंदाकिनी,

बरणी मिळाली. गळ्यापर्यंत आहे. गुळपोळीवर घेतलं नाही. घेववलं नाही.

यापुढे तूप पाठवू नकोस. दुधावरची साय ज्याच्या पेल्यातली आहे त्यालाच मिळू दे.

पद्मजा


बिबवेवाडी, पुणे
२८ जानेवारी १९९८

ती. पद्मजाताईंना सा. नमस्कार.

तुमचं पत्र पोस्टकार्डावर मावलं असतं. पाकिटात का घातलंत, याचाही मी विचार केला.

तूप नको, असं लिहिलंत. सासूबाई गेल्या त्या वर्षी, सुतक असताना सुद्धा तुम्ही हे तूप नको म्हणाला नव्हतात. हे गेले तेव्हा मी विसरले, तर तुम्ही आठवण करून दिली होती. माहेरचं तूप ज्या दिवशी नको होतं, त्या दिवशी माहेर पण नको झालेलं असतं, असं मला वाटतं. मी चुकत असेन. पण गेल्या आठवड्यात एक मनुष्य फाटकाबाहेर उभा राहून घराची रुंदी पावलांनी मोजत होता. मी खिडकीतून विचारलं, तर म्हणाला, “सहजच.” पुण्यात दुसऱ्याची जागा सहज कुणी मोजत नाही.

तुम्ही बिल्डरशी बोलला असाल तर तसं सांगा. पाडव्यापर्यंत थांबायचं ठरलं होतं. ठरलेलं मोडायचं असेल तर साईचं कारण पुढे करू नका, मला ते लागतं.

तुम्ही सांगितलंत म्हणून नाही, तर मला स्वतःलाच ते सहन होईना म्हणून दुधाची व्यवस्था बदलली आहे. आता ओट्यावरून पेले भरून देत नाही. टेबलाच्या मधोमध तीन भांडी ठेवते. एकात म्हशीचं दूध साईसकट, एकात गायीचं, आणि एका वाडग्यात नुसती साय, बाजूला साखर. ज्याला जे हवं ते त्याने आपल्या हाताने घ्यावं. कार्ड काढून टाकलं. पहिल्या दिवशी सगळे एकमेकांकडे बघत बसले, साईला आधी हात कोण लावतो म्हणून. शेवटी नगरच्या एका आजोबांनी वाडगाच पुढ्यात ओढला.

अमीनभाईंनी दारातून ते बघितलं. दुसऱ्या दिवसापासून माप पुन्हा पहिल्यासारखं, बरोबर घालतात. जास्तीचं बंद.

शेखबाईंचं उत्तर आलेलं नाही. त्यांनी दिलं नाही तरी मी समजू शकते.

मंदाकिनी


सोलापूर
१९ फेब्रुवारी १९९८

प्रिय मंदाकिनी,
अनेक आशीर्वाद.

उशीर झाला. गुडघ्याने धरलं होतं. शिवाय आबेदा पुण्याहून परत येईपर्यंत मला लिहायचं नव्हतं. ती गेल्या आठवड्यात पुन्हा तुझ्याकडे उतरली होती, हे तुला माहीतच आहे. या वेळी मी पाठवलं नव्हतं. मी तर म्हटलं होतं, दुसरीकडे उतर, मला अवघड होतं. ती म्हणाली, “त्यांनी पत्रात स्वतःला मूर्ख म्हटलंय. असं लिहिणारं माणूस एकदा नीट बघायला हवं.” पत्राला उत्तर तिने का दिलं नाही, हेही विचारलं. तर म्हणे, कागदावर काय, काहीही लिहिता येतं. विज्ञानाची बाई आहे. पुन्हा प्रयोग केल्याशिवाय ती काही मान्य करत नाही.

तिचा अहवाल असा. तीन भांडी टेबलाच्या मधोमध होती. तिने मुद्दाम हात लावला नाही, तू काय करतेस ते बघत बसली. तूही काही केलं नाहीस. थालीपीठ वाढलंस आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसून त्याच वाडग्यातली साय स्वतःच्या थालीपिठावर घेतलीस. मग तिने घेतली. तू तिची माफी मागितली नाहीस, तिला तेच बरं वाटलं. माफी मागितली असतीस तर तिला “असू द्या हो” म्हणावं लागलं असतं, आणि ते म्हणायचा तिला कंटाळा आहे.

आता तुपाचं. तू पत्र वाचतेस की पत्राच्या मागे काय आहे ते उकरतेस? माहेर नको, असं मी कुठे लिहिलं? बरणी उघडली आणि आबेदाचा पेला डोळ्यांसमोर आला, म्हणून नको म्हटलं. खरं सांगायचं तर मला तूप पचतही नाही. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच बंद केलं आहे. सून ते शेजारणींना देते. तरी मी बरणीची वाट बघत होते, कारण ती आली की कळायचं, पुण्याच्या घरात अजून माझं नाव निघतं. आणि कमी आली की वाटायचं, नाव कमी निघायला लागलं.

बिल्डरशी बोलणं झालेलं नाही. घर मोजणारा मनुष्य माझा नाही. या वेळी तरी विश्वास ठेव, नाहीतर त्याला पण साय खायला घालशील.

मी येते आहे. गुरुवार, पाच मार्च, सकाळच्या एस.टी.ने, दुपारपर्यंत स्वारगेट. रिक्षावाल्यांना पत्ता माहीत आहे म्हणतेस, तर मला घ्यायला येऊ नकोस. न विचारता आणून सोडतात का ते बघते. आजवरच्या सगळ्या बरण्या माझ्याकडे पडून आहेत. रिकामं भांडं परत द्यायचं नाही म्हणून पाठवल्या नाहीत, आणि भरून काय पाठवावं ते सुचलं नाही. आता शेंगदाण्याची चटणी भरून आणते आहे. न्याहारीला ठेव. सोलापूरची चटणी पुण्यात कुणी बाजूला सारत नाही.

लग्नाआधीची माझी वरची पूर्वेची खोली मला दे. पाहुणी म्हणून राहीन, पाहुण्यांना लागतं ते भाडं देईन. सगळ्यांपुढे ठेवतेस तेच माझ्यापुढे ठेव. पाडव्याला काय सांगायचं ते मी ती न्याहारी झाल्यावर ठरवणार आहे. आत्ता विचारू नकोस, मलाही माहीत नाही.

पद्मजा


बिबवेवाडी, पुणे
२४ फेब्रुवारी १९९८

ती. पद्मजाताईंना सा. नमस्कार.

तुमची खोली त्या दिवशी रिकामी नाही. मी मुद्दाम केलं, असं तुम्हाला वाटणार. मला हेही माहीत आहे की हे घर भरलेलं दाखवायला मी रचलं, असंही वाटेल. पण पूर्वेची खोली चार ते सहा मार्च सर्जेरावांकडे आहे. त्यांनी जानेवारीतच सांगून ठेवलं होतं, गूळ यार्डात उतरायचा आहे. बाकीच्या दोन खोल्याही त्या आठवड्यात गेल्या आहेत. सर्जेरावांना विचारलं, खोली बदलता येईल का. ते म्हणाले, “ताई येनार आसतील तर मी यार्डातच पडतो.” त्यांना यार्डात झोपवून तुम्हाला खोली देणं मला पटलं नाही. तुम्हालाही पटणार नाही.

तेव्हा तुम्हाला माझ्या खोलीत झोपावं लागेल. यांच्या पलंगावर मी गादी घालून ठेवली आहे. भाडं घेणार नाही, कारण ती खोली भाड्याने द्यायची नाहीच. रात्री पाणी प्यायला उठलात तर खुशाल उठा. मी दोनला जागीच असते. आणि खोलीला मागच्या अंगणात उघडणारं वेगळं दार आहे, हे तुम्हाला आठवत असेल. त्याची कडी गंजली होती. काल सुताराकडून बदलून घेतली. यातून काही अर्थ काढायचा असेल तर काढा. या वेळी तो बरोबर असेल.

तूप तुम्हाला पचत नाही, हे वाचून मी आधी हसले. मग दोन वर्षांच्या साईचा विचार मनात आला आणि हसू थांबलं.

घर मोजणारा मनुष्य सापडला. शेजारच्या जोशींनी कुंपणासाठी बोलावला होता. तसं जोशी म्हणतात.

शुक्रवारी सकाळी साडेसातला न्याहारी. अमीनभाईंना तुम्ही येणार हे सांगितलं. ते म्हणाले, “त्या दिवशी दूध मी स्वतः आत आणून देईन, ताईंना बघायचंय.” टेबलाच्या मधोमध तीनही भांडी असतील. सर्जेराव खिडकीकडच्या खुर्चीवर असतील, ती खुर्ची त्यांनी धरली आहे. शेखबाईंनाही मुलीला भेटायला त्याच आठवड्यात यायचं आहे. खोली नाही म्हटलं, तर त्या म्हणाल्या की न्याहारीला तरी येईन.

तुमच्यासाठी टेबलावर पान मांडलेलं असेल. तुम्ही तिथे बसलात तर तुम्ही लिहिलंत तशा पाहुण्या आहात, असं मी समजेन, आणि पाडव्याची वाट बघेन. पण लग्नाआधी तुम्ही टेबलाशी कधी बसत नव्हतात, असं सासूबाई सांगायच्या. ओट्याशी उभ्या राहून पातेल्यातली साय बोटाने काढून खायचात, आणि कुणी रागावलं की म्हणायचात, माझ्याच घरातलं आहे.

पातेलं ओट्यावर डाव्या हाताला असेल. वर झाकण ठेवणार नाही.

आपली,
मंदाकिनी